पाणी कुठे मुरतं?

गणपतीच्या आदल्या दिवशी मखराची जागा पुसायला म्हणून भिंतीवरून ओला फडका फिरवला आणि तळहाताएवढा पापुद्रा सुटून हातात आला. वर यंदाच दिलेला पिवळा रंग, त्याखाली पुट्टी, पुट्टीखाली सिमेंटचा गिलावा, सगळं एकत्र. मागे चिरा उघडा पडला होता. तांबडा, भोकाभोकांचा, बोट लावलं तर गार. भोकांच्या कडेला रव्यासारखी पांढरी खार जमली होती. जिभेला लावून बघितली. खारट.

दादा आदल्या रात्रीच पुण्याहून आला होता. चहाचा कप खिडकीत ठेवून तो भिंतीशी उकिडवा बसला आणि बोटाच्या पेरांनी खालून वर ठोकत गेला. घट्ट असलेला गिलावा दगडासारखा वाजतो, सुटलेला मडक्यासारखा. जमिनीपासून अडीच फुटांपर्यंत मडकं वाजत होतं.

आमचं घर राजापूर तालुक्यात, आजोबांनी बांधलेलं. भिंती दीड फूट जाडीच्या, चिरा चिखलात बसवलेला, दरजा चुन्याने भरलेल्या. चिरा म्हणजे जांभा. खाणीतून काढताना तो मऊ असतो, तासता येतो. हवेवर राहिला की कठीण होतो. केरळात हाच दगड पाहून फ्रान्सिस बुकाननने १८०७ साली त्याला लॅटेराइट हे नाव दिलं, लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून, कारण लोक तो विटेसारखा कापून घरं बांधत होते. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जवळजवळ सगळा चार महिन्यांत, आणि हा भोकांचा दगड तो पिढ्यान्‌पिढ्या अंगावर घेत आला आहे. नऊ वर्षांपूर्वी दादाने रजा टाकून, स्वतः उभं राहून घराला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला. त्याची तीस वर्षं पुण्यात बांधकामांवर गेली आहेत. मी गावच्या शाळेत शिकवते, आईजवळ राहते. गिलाव्यानंतरचे नऊ पावसाळे त्या भिंतींसोबत मी काढले.

"या खेपेला नीट करू," दादा म्हणाला. "सुटलाय तेवढा काढून टाकायचा. चांगलं वॉटरप्रूफिंग कंपाउंड घालून पुन्हा मारायचा. बाहेरून वीस मिलिमीटर, दोन हातांत. सात दिवस नीट पाणी मारायचं. मागच्या वेळी रेतीने घात केला. ती खाडीची होती, नीट धुतलेली नव्हती. मिठाची रेती भिंतीला थापली की ती हवेतलं पाणी ओढणारच."

"रेतीचं मान्य. पण दादा, मीठ नसतं तरी पाणी आलंच असतं ना? ते आलं कुठून, हे बघायच्या आधीच तू झाकायचं कशाने ते ठरवतोस."

"पाऊस बाहेर पडतो, बाय. बाहेरून येणार."

"ही भिंत माजघराची आहे. हिच्या पलीकडे न्हाणी. पाऊस हिला शिवतसुद्धा नाही."

तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "जमिनीतून चढत असेल. जुन्या जोत्याला डीपीसी नसते. आम्ही नव्या इमारतीत जोत्यावर काँक्रीटचा थर देतो, त्यात पाणी अडतं. इथे चिखल आणि चिरा. दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं पाणी चढतं."

"मग वातीला बाहेरून सिमेंट थापलं तर तेल चढायचं थांबेल का?"

"थांबणार नाही. पण खोलीत तरी येणार नाही."

"अडीच फुटांवर बाहेर पडायचं ते पाच फुटांवर पडेल. पूर्वी या भिंतीला चुन्याची निवळी होती तेव्हा ओल वीतभर दिसायची आणि दिवाळीपर्यंत सुकून जायची. आता ती शिमग्यालासुद्धा आत असते. गिलाव्याने पाण्याची यायची वाट बंद झाली नाही, जायची झाली."

"तू आता म्हणशील भिंत श्वास घेते. पुस्तकांत फार लिहितात तसं. भिंतीला फुप्फुसं नसतात. पाणी वाफ होऊन पृष्ठभागातून निघतं, एवढीच गोष्ट आहे."

"एवढीच आहे, आणि तेवढीच तुझा गिलावा होऊ देत नाही."

हे मी जरा जोरात बोलले. आई आतून मोदकांचं सारण ढवळत होती, ती म्हणाली, "भांडा, पण हळू. उद्या देव यायचाय."

दादाचा राग वाजवी होता. गिलाव्याआधीचं घर मला आठवतं तसं त्यालाही आठवतं. रात्री आईच्या अंथरुणावर चिऱ्याची तांबडी भुकटी पडायची. भोकांत विंचू निघायचे. एकदा पाळण्याच्या वरच निघाला होता. भिंतीचा माथा आणि वासे यांच्यामध्ये ज्या फटी असतात, त्यांतून आषाढात झडीबरोबर पाणी आत यायचं आणि आई रात्री उठून अंथरुणं सरकवायची. तिला दमा आहे. दादाने त्या फटी सिमेंटने बुजवल्या, पडवीच्या खिडक्यांना सरकत्या काचा लावल्या, जमिनीला लादी घातली. ते त्याने आईसाठी केलं. जुन्या घराच्या आठवणीत रमणाऱ्यांना हे ध्यानात ठेवावं लागतं की त्या घरात कुणीतरी रात्री उठत होतं.

"फटी बुजवल्या तिथे मात्र तू चुकलास," मी म्हटलं. "वारा खेळायचा तो बंद झाला."

"जुलैत इथल्या हवेत नव्वद टक्के ओल असते. तसला वारा काय सुकवणार? उलट बाहेरची ओल आत आणून गार भिंतीवर सोडतो. पहिल्या पावसात लादी घामेजते ती कशाने? जमिनीतल्या पाण्याने नाही. गरम, दमट हवा गार लादीला लागते म्हणून."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर आईने दिलं, सारणाचं पातेलं उतरवताना. "तुमच्या लहानपणी चूल दिवसभर पेटलेली असायची. पहाटे पाणी तापायला, मग पेज, मग भात, संध्याकाळी परत. धूर माळ्यातून त्या फटींनी जायचा. भिंत गरम असायची रे. गॅस आला त्या वर्षीच पहिली बुरशी आली. तेव्हा सिमेंट नव्हतं काही."

आम्ही दोघंही ऐकत राहिलो. हवेला तापवणारं घरात काही होतं, आणि तापलेल्या हवेला जायला वाट होती. या दोन गोष्टी एकमेकींच्या आधाराने चालत होत्या. चूल गेली तेव्हा फटींचं अर्धं काम संपलं होतं. दादाने बुजवल्या त्या अर्ध्या कामाच्या फटी.

दुसऱ्या दिवशी, गणपती बसल्यावर, दादाने दुकानातून प्लास्टिकचा कागद आणला. हातभर चौकोनी दोन तुकडे कापले. एक माजघराच्या त्या भिंतीवर, जिथे गिलावा पडून चिरा उघडा होता तिथे. दुसरा कोठीच्या खोलीत, आईच्या खोलीशी सामाईक असलेल्या भिंतीवर. त्या भिंतीवर गेली दोन वर्षं काळे ठिपके येत होते. चारी बाजूंनी चिकटपट्टी बोटाने दाबून घट्ट बसवली, कुठे हवा जायला जागा ठेवली नाही.

"कागदाच्या मागे थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. पुढे जमले तर हवेतून. दोन दिवस थांबू. मग तू बरोबर की मी बरोबर ते भिंत सांगेल."

त्या संध्याकाळी आरतीला भाच्याचा इंग्लंडहून व्हिडिओ कॉल आला. तो शंभर-सव्वाशे वर्षांच्या विटांच्या घरात भाड्याने राहतो. आरती झाल्यावर त्याने फोन फिरवून कपाटामागची भिंत दाखवली. काळीभोर. हिवाळ्यात त्याच्याकडे दिवसभर हीटर, खिडक्या घट्ट बंद, कपडे आत वाळत घातलेले. बाहेर थंडी. भांड्यांची, अंघोळीची, श्वासाची वाफ गार भिंतीवर जाऊन पाणी होते. फटीतून येणाऱ्या थंड वाऱ्याला तिथले लोक फार भितात आणि एकेक फट बुजवतात. घरमालक आतून भिंतीला इन्सुलेशनचे बोर्ड लावायचं म्हणत होता. दादा त्याला म्हणाला, "लावू दे, पण सांध्यांतून वाफ मागे जाता कामा नये. गेली तर बोर्डाच्या मागे, तुला दिसणार नाही अशा जागी पाणी होईल. आणि स्वयंपाक करताना पंखा लाव."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "त्याला सांगितलंस ते आईच्या खोलीला लागू नाही का?"

दोन वर्षांपूर्वी दादाने आईच्या खोलीत एसी बसवला. उन्हाळ्यात तिला खरंच आराम पडला. आता त्याला त्या खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीला आतून बोर्ड लावायचे होते, म्हणजे गारवा टिकेल.

"इथे उलटं आहे," तो सावकाश म्हणाला. तो स्वतःशीच तपासत होता. "तिकडे वाफ आतून बाहेर जाते. इथे एसी लावला की आत गार आणि कोरडं, बाहेर गरम आणि दमट. वाफ बाहेरून आत येते. बोर्ड आतून लावला तर ती बोर्डाच्या मागे अडेल."

"आणि कोठीकडची भिंत?"

"ती आईच्या बाजूने गार होते. कोठीत हवा दमटच." तो थांबला. "प्लास्टिक बघू."

दोन दिवसांनी बघितलं. माजघरातल्या कागदाच्या मागे पाणी धार धरून खाली साचलं होतं. पुढची बाजू कोरडी. कोठीतल्या कागदाच्या मागे काही नव्हतं, पुढे बारीक दव. एकाच घरात वीस पावलांच्या अंतरावर दोन वेगळे रोग होते. एकाच औषधाने दोन्ही बरे करायला निघालो असतो, तर निदान एका भिंतीपुरतं तरी रोग रेड्याला आणि औषध पखालीला झालं असतं.

गौरींच्या दिवशी तात्या गवंडी दर्शनाला आले. त्यांच्या वडिलांनी आमच्या दरजा भरल्या होत्या. प्रसाद हातात घेऊन ते भिंतीशी उभे राहिले, उघड्या चिऱ्यात अंगठ्याचं नख रोवलं. नख रुतलं.

"भाऊ, चिरा कुजतोय. हा कडक माल मऊ दगडावर बसवलात."

दादाने मान डोलावली. मग जे तो माझ्याशी वाद घालताना बोलला नव्हता ते त्यांच्याजवळ बोलला. "बरोबर आहे, तात्या. चिऱ्याला मानकात किमान साडेतीन न्यूटनची ताकद धरलेली आहे. एकास चारचा सिमेंटचा माल साडेसातपर्यंत जातो. भिंतीपेक्षा चामडी दुप्पट कडक. ऊन-पावसाने दोन्ही वेगवेगळी हलतात, केसाएवढी चीर जाते, त्या चिरेतून पाणी आत शिरतं आणि बाकी सगळा गिलावा त्याला बाहेर येऊ देत नाही. मला हे तेव्हाही ठाऊक होतं. विटेवर जे चालतं ते इथे चालेल असं वाटलं."

मोठा भाऊ असं सहज म्हणत नाही. मी काही बोलले नाही.

"मग चुना," मी तात्यांना विचारलं.

"चुना करता येतो, बाई. पण तुम्हाला दम आहे का?" ते ओटीवर बसले. "कळीचा चुना आणायचा. खड्ड्यात पाणी ओतून विरवायचा. उकळतो तो, पोरांना लांब ठेवायचं, डोळ्यात उडाला तर डोळा जातो. मग पाण्याखाली महिनाभर मुरवायचा. लोण्यासारखा झाला पाहिजे. रेती नदीची, चाळलेली. विटांची सुरखी घालायची, म्हणजे ओलीतही धरतो. माझा बाप गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी घालायचा. घाण्यात दळायचा. आता घाणा कुठाय? मिक्सरवर फिरवू. पातळ पातळ तीन हात. आणि मारला की उन्हात सोडायचा नाही, ओल्या गोणपाटाने झाकायचा. माणसं मिळत नाहीत या कामाला. सिमेंटचं काम आठवड्यात होतं, याला तीन महिने धरा."

"चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो," दादा मला समजावत म्हणाला, "पण महिन्याला जेमतेम मिलिमीटरभर आत सरकतो. ऐन पावसाच्या तोंडावर केलास तर धुऊन जाईल. आणि खर्च दुप्पट. तू लॉरी बेकरचं उदाहरण देशील."

देणारच होते. केरळात अर्धं आयुष्य काढलेल्या या वास्तुविशारदाने गिलाव्याशिवायच्या भिंती बांधल्या आणि त्या सुंदर दिसतात हे लोकांना पटवलं. गांधीजींनी त्याला सांगितलेली गोष्ट प्रसिद्ध आहे: घराचा सगळा माल पाच मैलांच्या परिसरात मिळणारा असावा. आमचा चिरा तर दोन मैलांवरचा आहे.

"बेकर मला तुझ्यापेक्षा जास्त आवडतो," दादा म्हणाला. "त्याची रॅट-ट्रॅप भिंत बघ. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या ठेवायच्या, मध्ये पोकळी राहते. नऊ इंची भिंतीत विटा पंचवीस टक्के कमी, आणि पोकळीतल्या हवेमुळे उष्णता कमी येते. नवं घर असतं तर मी तीच बांधली असती. पण त्याची छपरं किती पुढे आलेली असतात, ते बघितलंस? उघडी भिंत टिकते ती छपराच्या सावलीत. आपल्या पश्चिमेच्या भिंतीवर छप्पर हातभर पुढे आहे. झड सरळ पोटावर येते."

"आजोबा मृगाच्या आधी तिथे माडाची झापं बांधायचे."

"बांधायचे. दर वर्षी. माणसं होती."

माझ्या मनात हा वाद इथे फिरला. मी चुना विरुद्ध सिमेंट असं धरून बसले होते. पण झापं ही चुनाही नव्हती आणि सिमेंटही नव्हती. ती पाण्याला भिंतीपर्यंत येऊच देत नव्हती. पागोळ्यांचं पाणी अंगणात पडून उडतं आणि भिंतीचा खालचा हातभर पट्टा भिजवतं. त्यावर कुठलाच गिलावा पुरा पडत नाही. पन्हळ लावली, खाली खडी पसरली, अंगणाचा उतार भिंतीपासून लांब काढला, तर तो पट्टा आपोआप कोरडा राहतो. ही कामं स्वस्त आहेत आणि कुणाला दिसत नाहीत, म्हणून ती राहून जातात. रंग दिसतो, म्हणून तो दर गणपतीला होतो.

विसर्जनाच्या रात्री आम्ही ओटीवर बसून ठरवलं. पश्चिमेला छप्पर तीन फूट पुढे काढायचं, पत्र्याचं का होईना. पत्रा मला आवडला नाही. दादा म्हणाला कौलांना पैसे साठव, पुढच्या वर्षी बदलू. तिकडचा गिलावा जिथे घट्ट आहे तिथे राहू द्यायचा. तो काढताना चिऱ्याची चामडी सोलून येईल. माजघराचा तीन फुटांपर्यंत काढून भिंत शिमग्यापर्यंत उघडी सुकवायची, मग चुना आणि सुरखी. वाश्यांखालच्या फटी पुन्हा उघडायच्या, पण जाळी लावून, झडीच्या बाजूला मात्र नाही. आईच्या खोलीच्या भिंतीला बोर्ड नाही. उष्णता मुळात छपरातून येते, म्हणून माळ्याच्या फळ्यांवर इन्सुलेशन अंथरायचं. एसी सतरावर न ठेवता सव्वीसवर ठेवायचा आणि कोठीच्या खोलीतून गोण्या हलवून भिंतीशी वारा जाऊ द्यायचा.

लादीवर मात्र एकमत झालं नाही. तात्यांचं म्हणणं, सारवलेल्या जमिनीतून जी ओल वर जायची ती लादीने अडवली, म्हणून भिंतींकडे वळली. मला ते पटतं. दादा म्हणतो, असेल, पण आईला या वयात सारवायला कोण लावणार आहे?

दिवाळीनंतर तात्यांनी छिन्नी लावली. गिलावा मोठ्या ढलप्यांनी पडला. मागची भिंत गडद विटकरी, वर जाता जाता फिकी. दादा दोन दिवसांसाठी आला होता. त्याने ओलीची वरची कड पेन्सिलने आखली आणि शेजारी तारीख लिहिली. आता दर रविवारी मी नवी रेघ मारते आणि फोटो पाठवते. मार्गशीर्ष अर्धा झाला. रेघा एकीखाली एक चार बोटं उतरल्या आहेत, सगळ्या भिंतीभर. फक्त उजव्या कोपऱ्यात, न्हाणीच्या बाजूला, पहिली रेघ आणि शेवटची रेघ एकाच जागी आहेत.

काल रात्री दादाला तो फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन आला.

"न्हाणीची मोरी कुठल्या बाजूने बाहेर जाते?"

"त्याच कोपऱ्याखालून. माडाच्या आळ्याला."

"केव्हा बघितलीस उघडून?"

मी कधीच बघितली नव्हती. आईलाही आठवेना. तात्यांना निरोप दिला आहे. शनिवारी सकाळी मोरीचा दगड उचलायचा आहे, आणि दादा रात्रीच्या गाडीने निघतोय.